पांढरी फटक भिंत

भल्या सकाळी माणसाला काय बघायला लागेल, त्याचा काही नेम नाही.

ती भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरली तेव्हा चक्क गुणगुणत होती. खांद्यावर घडीची शिडी, हातात रंगाचे डबे, बगलेत ब्रशांची गुंडाळी. फ्रेमच्या दुकानातून तिनं मुद्दाम रजा काढली होती, कारण आज पहिला रंग लावायचा होता. आजवर दुसऱ्यांच्या चित्रांत आभाळं भरून दिली, पण ही भिंत तिची एकटीची. तिची पहिली! शेवटची पायरी उतरून तिनं मान वर केली आणि गाणं गळ्यातच अडकलं.

भिंत पांढरी होती.

नुसती पांढरी नव्हे, पांढरी फटक. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काल दुपारी याच भिंतीवर तिच्या रेघा होत्या, खुणा होत्या, आठवडाभराची कंबरमोड होती. आता तिथं धुतलेल्या चादरीसारखा कोरा पसारा. ओल्या रंगाचा वास भुयारभर कोंडलेला. आणि भिंतीच्या पायथ्याशी उपड्या बादलीवर एक उंच तरुण बाह्या सारून निवांत चहा पीत बसलेला. केसांत पांढरे थेंब, नाकाच्या शेंड्यावर एक. चेहऱ्यावर तर असं समाधान, की जणू जग साफ करून आत्ताच टेकलाय.

"सांभाळून हं," तो म्हणाला. "हात लावू नका. ओला आहे अजून."

"हे... हे कोणी केलं?"

"मी!" तो कौतुकाची वाट बघत उठून उभा राहिला. "कोणी तरी मवाल्यांनी भिंत नुसती चिरखडून ठेवली होती हो. मासे काय, चष्मे काय, किटल्या काय! फुल्या, उलटीसुलटी अक्षरं... रोज बघून बघून डोळे दुखायला लागले. म्हटलं, ऑफिसात अर्ज करून कोण येणार? त्यापेक्षा आपणच करू."

"ते मवाली," ती शिडी धाडकन खाली ठेवत म्हणाली, "म्हणजे मी."

"तुम्ही?" त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाटत नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही? तिच्या आगीची तर आधीपासून मस्तकापाशीच वस्ती. घरी ताई तिला ठिणगी म्हणायची ते काही उगाच नाही.

"अहो उंटावरचे शहाणे! ते चिरखडणं नव्हतं. खुणा होत्या त्या! एवढी मोठी भिंत... चित्र कुठं सुरू करायचं, कुठं संपवायचं, डोळ्यांनी कळतं का? म्हणून आधी भिंतभर वाट्टेल त्या खुणा काढायच्या. मासा, चष्मा, किटली, काहीही. मग त्या भिंतीचा फोटो घ्यायचा, फोनमध्ये त्याच्यावर आपलं चित्र ठेवायचं आणि बघायचं. खांदा कुठं येतो? किटलीच्या शेजारी. बोट कुठं? माशाच्या शेपटीशी. तसं तसं भिंतीवर काढत जायचं. कळलं? सगळ्या रेघा झाल्या होत्या माझ्या. सगळ्या! आज रंग लावणार होते."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "पण... चित्र कुठं दिसत होतं?"

"कसं दिसेल? भुयार अरुंद, तुम्ही भिंतीला नाक लावून उभे. हत्तीच्या पोटाला डोळा लावलात तर हत्ती दिसतो का?"

"बाप रे," तो पुटपुटला. "माझ्या हातून... मला खरंच वाटलं की मी चांगलं काम करतोय."

"चांगलं काम! मला चुना लावलात तुम्ही. शब्दशः!"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यानं ते गिळायचा प्रयत्न केला, पण तिनं पाहायचं ते पाहिलंच. संतापात आणखी तेल पडलं. तेवढ्यात तो कप ठेवायला वाकला आणि बादलीमागून त्यानं एक लांबट काळी पेटी उचलली. व्हायोलिनची पेटी. वाकताना त्याची पाठ तिच्याकडे झाली.

ही पाठ ती ओळखत होती.

फ्रेमच्या दुकानाकडे जाताना रोज सकाळी तिला याच भुयारातून व्हायोलिन ऐकू यायचं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभी राहून ती ऐकायची. खाली एक उंच आकृती भिंतीकडे तोंड करून वाजवत असायची, पलीकडच्या तोंडातून येणाऱ्या उजेडात कोपर वरखाली होत असायचं. तिला एक सवय होती, रोज एक तरी फोटो काढायचा. गंजलेलं शटर, रस्त्यावर सांडलेलं दूध, तारेवर वाळणारे एकेकटे मोजे... ज्याच्यापाशी पाय थबकेल ते. अलीकडे पाय रोज याच पायऱ्यांवर थबकायचे. त्या पाठीचे इतके फोटो झाले होते, की शेवटी तिनं या भिंतीसाठी अर्ज केला. दोन्ही बाजूंना रोजच्या रस्त्यावरच्या गोष्टी आणि मधोमध, भिंतभर, व्हायोलिन वाजवणारी ती पाठ.

म्हणजे या महाभागानं स्वतःचंच चित्र स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं!

हे त्याला सांगावं? मुळीच नाही. आधीच नाकावर रंग लावून उभा आहे, उगाच डोक्यावर बसायचा.

तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. भिंतींच्या परवानग्या देणाऱ्या ऑफिसातले साहेब येत होते. हातात कायम मोजणीची टेप, म्हणून सगळे त्यांना टेपसाहेब म्हणत.

"अरे वा!" साहेबांनी भिंतीवरून नजर फिरवली. "कोरी करकरीत! म्हणजे काम सोडलंत वाटतं बाई? बरं झालं. टूथपेस्टवाले केव्हाचे भिंत मागतायत. छान हसणारी बाई लावणार आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत दात."

"काम सोडलेलं नाही!"

"मग दिसत का नाही? नियम साधा आहे. शुक्रवारी मोजणी. निम्म्याहून जास्त भिंतीला रंग लागलेला असेल तर भिंत तुमची. नसेल तर दातांची."

"साहेब, चूक माझी आहे," व्हायोलिनवाला मध्ये पडला. "यांचं काम झालं होतं, मी पुसलं. यांना मुदत वाढवून द्या."

"तुम्ही कोण?"

"मी... इथं वाजवतो."

"त्याची परवानगी आहे?" साहेबांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता साहेब टेप खुळखुळवत निघून गेले.

"मी मदत करतो," तो तिच्याकडे वळून म्हणाला.

"तुमची मदत बघितली मी."

"पुसायची नाही हो, काढायची. सांगाल ते करतो. डबे उचलतो, शिडी धरतो, शिव्या खातो."

"शेवटचं येईल का नीट?"

"सकाळपासून सराव चाललाय ना," तो म्हणाला, आणि ती न हसायची शिकस्त करत डबा उघडायला वळली.

दुपारी रंग वाळला तसं पुन्हा खुणा काढणं आलं. तिनं त्याच्याही हातात खडू दिला. म्हणाली, मनात येईल ते काढा. त्यानं मासा काढला.

"हा बूट छान जमलाय," ती म्हणाली.

"मासा आहे तो!"

"असेल. पाण्यात सोडून बघू नंतर."

दिवस असे धावायला लागले. दुपारी दुकान सुटलं की ती धावत यायची आणि तो तिच्या आधीच हजर असायचा. ती रेघा मारायची, तो रोलर घेऊन मोठे मोठे भाग भरायचा. रंग भरताना त्याचं तोंड बंद नसायचं. त्यालाही तिच्यासारखीच एक खोड होती, फक्त तिची डोळ्यांची, त्याची कानांची. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर पडताना कुठला सूर लागतो, थंडीत तो कसा चढतो, कुणाच्या सायकलीची घंटी बेसूर आहे, सगळं त्याला पाठ.

"आणि तुम्ही पायऱ्या उतरता ना, त्याची पण लय आहे," तो एकदा म्हणाला.

"हो का? कशी?"

"आधी तीन पायऱ्या भराभर. मग एकदम थांबता. मग उरलेल्या. कशाला थांबता मध्येच?"

तिचा ब्रश रेघेबाहेर गेला. "शिडी जड असते."

"शिडी नसते तेव्हापण थांबता."

"तुम्ही रंगाकडे लक्ष द्या. ओघळ येतोय बघा!"

"कुठाय?"

"येईल," ती म्हणाली. कान तापले होते तिचे. किती लबाड माणूस, तिला वाटलं. आणि त्यासरशी असंही वाटलं, की शुक्रवार इतक्या लवकर कशाला येतो?

मधला भाग मात्र तिनं सगळ्यात शेवटी ठेवला होता. तिथं काय येणार, असं तो रोज विचारायचा आणि ती रोज "कळेल" म्हणायची. सांगायला काय हरकत होती? पण जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू...

एका दुपारी धो धो पाऊस आला. रस्त्यावरची माणसं भुयारात घुसली. ओल्या छत्र्या, ओले बूट, कुणाचं रडणारं पोर. तो जरा वेळ काढून वाजवायला उभा होता, नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून. काय सुरेख वाजवत होता! माणसांना बरं वाटलं. रडणारं पोर गप्प झालं. दोघं-तिघं कौतुकानं त्याच्या समोर जाऊन उभे राहिले... आणि सूर तुटला. त्यानं गडबडीनं व्हायोलिन पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि रोलर उचलला. पाऊस थांबून गर्दी पांगेपर्यंत एकाच जागी रंग फासत राहिला.

"काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"काही नाही. हात थरथरतो." तो भिंतीशी बोलत होता. "वाद्यवृंदात होतो मी. एका कार्यक्रमात एकट्यानं वाजवायचा तुकडा होता. समोर एवढी तोंडं बघितली आणि गज तारेवर नुसता नाचायला लागला. थांबेचना. लोक हसले. फार नाही, थोडेच हसले... पण ते पुरलं. तेव्हापासून इथं येतो. भिंत टाळ्या वाजवत नाही, पण तोंडही वाकडं करत नाही. मला कोणी बघितलेलं चालत नाही, बस."

मला कोणी बघितलेलं चालत नाही! आणि तिच्या फोनमध्ये काय होतं? आणि भिंतीच्या मधोमध काय येणार होतं? आत्ता, याच क्षणी सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"चहा घेणार?" असं तिनं विचारलं. काय म्हणावं या मुलीला! एरवी शब्द तोंडातून निसटतात, हवे तेव्हा सापडत नाहीत.

गुरुवारी जे व्हायचं ते झालं, आणि तेही तिच्याच तोंडून. ती शिडीवर होती, दोन्ही हात रंगानं बरबटलेले, डोक्यात शुक्रवारची घाई. खाली न बघताच ती ओरडली, "अहो, फोन उघडा आणि सांगा जरा, कोपर कुठल्या खुणेपाशी येतं?"

खालून उत्तर आलं नाही.

"सापडलं का? तुमच्या त्या बुटाच्या जवळपास असेल."

तिनं खाली पाहिलं. तो फोनकडे टक लावून उभा होता. त्याचं बोट हळूहळू सरकत होतं. एक फोटो... दुसरा... तिसरा... सगळ्यांत एकच पाठ.

"हा मी आहे," तो म्हणाला.

ती शिडीवरून उतरली. "मी सांगणारच होते—"

"कधी? भिंत पूर्ण झाल्यावर?" त्याचा आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटली. "किती दिवस काढताय हे फोटो?"

"पाठच तर आहे! चेहरा कुठं दिसतोय?"

"पाठ कोणाची आहे?"

पण गप्प बसेल तर ती ठिणगी कसली. "अहो, मी काय चोरी केली का? मला आवडलं म्हणून काढलं. तुमची बदनामी नाही केली, चित्र केलं तुमचं. लोक हौसेनं काढून घेतात! आणि माझी आख्खी भिंत पुसणाऱ्यानं मला शिकवावं? चोर तो चोर, वर शिरजोर!"

"मी भिंत पुसली तेव्हा तुम्ही मला काय काय बोललात, आठवतंय? न विचारता दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावला म्हणून. बरोबर होतं तुमचं. मी मान खाली घालून ऐकलं. कारण मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं! परवा मी तुम्हाला सगळं सांगितलं, तेव्हा हे खिशात होतं तुमच्या. आणि तुम्ही मला चहा विचारलात."

त्यानं फोन शिडीच्या पायरीवर जपून ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पेटी उचलून तो पायऱ्या चढून गेला.

घरी आल्यावर तिनं भांडण एकटीनं पुढं चालू ठेवलं. दोघी बहिणी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. फरशी कायम कोमट, हवेला गरम इस्त्रीचा वास. ताई दवाखान्यातली ड्यूटी संपवून पाय बादलीत सोडून बसली होती, आणि ठिणगी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होती.

"म्हणे विचारलं नाही! एवढा काय शहाणा लागून गेला? मी आठवडाभर राबले त्याचं काही नाही. माझ्यामुळं त्याचं वाजवणं चार लोकांना—"

"ए," ताई म्हणाली, "एक विचारू? माझा असा फोटो कोणी काढला असता, रोज, लपून... आणि चौकात लावायला निघाला असता, तर तू काय केलं असतंस?"

"घरी जाऊन त्याच्या कानाखाली आवाज काढला असता!"

ताईनं पाय पुसले, चपला शोधल्या आणि बादली ओतायला गेली. ठिणगी खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली. पहिल्यांदाच तिचा सगळा राग फिरून तिच्याच अंगावर आला होता, आणि तिला तो अजिबात सोसवेना.

"ताई," ती म्हणाली, "मला तो फार आवडतो गं."

"ते मला तू पायऱ्या चढत होतीस तेव्हाच ऐकू आलं," ताई आतून म्हणाली. "एवढं भांडण काय कोणी परक्यासाठी करतं?"

शुक्रवारी दुपारी टेपसाहेब आले. भिंतीच्या डाव्या बाजूला गंजलेलं शटर, मोजे, छत्र्या, सांडलेलं दूध. उजव्या बाजूला सायकली, जिने, खिडक्यांतले दिवे. आणि मधोमध, खडूच्या खुणा सोडल्या तर, भलीमोठी कोरी जागा. साहेबांनी इकडून मोजलं, तिकडून मोजलं, जिभेनं चुकचुक केली.

"निम्म्याला कमी पडतंय बाई. हे मधलं का सोडलंत?"

"परवानगी मिळाली नाही."

"परवानगी तर आम्ही देतो!"

"ती भिंतीची. ही माणसाची."

"कुठला माणूस? अहो, काढा ना काहीतरी. झाड काढा, फुलदाणी काढा. ऑफिस बंद व्हायच्या आत रंग लागला की माझं काम झालं. नाकडोळे मी मोजत नाही."

आता झाड काढायला तिला कितीसा वेळ लागला असता? डाव्या हातानं काढलं असतं. पण त्या जागेकडे बघितलं की ब्रश उचलेना. ती जागा त्याची होती. त्याला चित्र नको असेल तर नको, पण त्याच्या जागी फुलदाणी? शक्य नाही.

"नाही काढणार," ती म्हणाली.

"मग दात येतील तिथं."

"येऊ देत दात! हसू देत त्या बाईला भिंतभर! पण ज्यानं नाही म्हटलं त्याला मी काढणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही काढणार नाही. लिहा काय लिहायचं ते. रद्द करा!" तिचा आवाज आणखी चढला. "एकदा न विचारता केलं, ते पुरे झालं मला!"

"साहेब," वरून कोणी तरी म्हणालं, "जरा थांबा."

पायऱ्यांवर तो उभा होता. हातात पेटी. किती वेळ उभा होता कोण जाणे. सावकाश खाली आला, कोऱ्या जागेसमोर गेला आणि बघत राहिला.

"मी भांडायला आलो होतो," तो तिला म्हणाला. "रात्रभर वाक्यं तयार केली होती. वाटलं होतं, रंगवून मोकळी झाली असशील. आणि तू तर... भिंत घालवायला निघालीस?"

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "तू बोललास ते सगळं खरं होतं. आणि ते खरं होतं याचा मला जास्त राग आलाय. फोटो सगळे काढून टाकलेत, बघायचा तर बघ फोन."

"सगळे?"

"सगळे. एक ठेवावासा वाटत होता. पण नाही ठेवला."

मग त्यानं पेटी उघडली. व्हायोलिन काढलं, हनुवटीखाली धरलं, आणि भिंतीकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला.

"काढ मला," तो म्हणाला. "पण पाठ नको. समोरून काढ."

"हात थरथरेल."

"थरथरू दे. थरथरणारा काढ."

त्यानं वाजवायला सुरुवात केली. ऑफिसं सुटायची वेळ होत आली होती. माणसं पायऱ्या उतरत होती, थबकत होती. गज तारेवर नाचला, सूर फाटला, कोणी तरी फिसकन हसलंही. तिनं गर्रकन मान वळवली. "हसायला काय झालं? वाजवून दाखवा एवढं! काय तमाशा आहे का इथं? चला पुढं!"

"राहू दे," तो न थांबता म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता, पण कोपर चालू होतं. "राहू दे त्यांना. तू काढ."

आणि ती सुटली. रोलरनं निळा ओढला, ब्रशनं खांदा बांधला, खुणांकडे बघणं नाही, फोन नाही, नुसतं बघायचं आणि काढायचं. मध्येच कधी तरी गज नाचायचा थांबला. माणसं पुढं जाईनात. टेपसाहेब घड्याळाकडे बघायचे आणि पुन्हा व्हायोलिनकडे बघायचे. शेवटी त्यांनी टेप लावली, एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं.

"निम्म्याच्या वर," ते म्हणाले. "भिंत तुमची. टूथपेस्टवाल्यांना आता मी काय तोंड दाखवू?" आणि दोन पायऱ्या चढून वळले. "वाजवायच्या परवानगीचा अर्ज सोमवारी आणून द्या. देऊन टाकू."

गर्दी पांगली. भिंतीवर निळा शर्ट होता, हात होते, व्हायोलिन होतं. चेहऱ्याची जागा अजून रिकामी होती. ती हात पुसत समोर उभी राहिली. उजेड त्याच्या गालावर तिरपा पडला होता. सवयीनं तिचा हात खिशाकडे गेला, आणि थांबला.

"फोटो... काढू का एक? चेहऱ्यासाठी?"

"नको."

"बरं," ती निमूट म्हणाली. तिला कसंनुसं झालं.

"फोटो काढलास की तो बघत घरी बसशील," तो म्हणाला. "मी रोज येऊन उभा राहतो. बघून काढ. कितीही दिवस लागू देत."

"चेहऱ्याला एवढे दिवस नाही लागत."

"लागू दे ना!" तो कळवळून म्हणाला, आणि तिला हसू आवरेना. तो जवळ आला. तिच्या गालावर निळा ओघळ आला होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसायला गेला आणि आणखीच पसरवला. "ऐक. मला तू आवडतेस. फार. त्या पहिल्या दिवशी तू शिडी आपटलीस ना, तेव्हापासून. भांडलो तेव्हाही आवडत होतीस, त्याचाच जास्त त्रास झाला. खरं सांगू? तू चिडलीस की आणखी आवडतेस."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. समोरून, अगदी जवळून, कितीतरी वेळ.

"मग काय," ती म्हणाली, "जन्मभर चंगळ आहे तुझी."